अंबा, वय बासष्ट

वाशीला आम्ही राहायला आलो तेव्हा, म्हणजे ब्याऐंशी साली, सेक्टरमध्ये माणसांपेक्षा अर्ज जास्त होते. पाण्याचा अर्ज, विजेचा अर्ज, गॅसचा अर्ज, आणि अर्ज मिळत नाहीत अशा तक्रारीचा अर्ज. मी नुकताच सरकारी नोकरीतून निवृत्त झालो होतो. अक्षर बरं होतं, दुपारी झोप लागत नसे. त्यामुळे बिल्डिंगमधले निम्मे अर्ज माझ्या पेनातून उतरले. त्यातला एकच मी चुकीचा लिहिला. सांगितला तसाच लिहिला, म्हणून चुकीचा.

सांगणारी होती समोरच्या ब्लॉकमधली मीना कारखानीस. नवरा मधुकर फोर्टात नोकरीला. सासू अजून गिरगावातल्या चाळीत होती. नळाला पाणी यायला लागलं की येणार होती. गिरगावच्या रेशन ऑफिसने दाखला दिला होता, त्यावर नावं नव्हती, नुसतं ‘प्रौढ तीन, मूल एक’ असं होतं. नवीन कार्डासाठी नावं नव्याने द्यायची होती.

“कुटुंबप्रमुख?” मी विचारलं.

“मधुकर.”

“प्रमुखाची पत्नी?”

“वैजयंती. वय एकतीस.”

मी चष्म्यावरून पाहिलं. “मला वाटलं, मीना.”

“ते घरात म्हणतात, काका. लिहा तुम्ही. वैजयंती.”

“प्रमुखाची आई?”

“अंबा,” ती म्हणाली. “वय बासष्ट.”

एवढं सांगून तिने मला कोकम सरबत दिलं. ते इतकं चांगलं होतं की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

यामागची हकिगत मला नंतर कळली, पण ती इथेच सांगून टाकतो.

मीनाचं माहेर उरणजवळ मोऱ्याला, धक्क्यापासून चार पावलांवर. वडील दिनानाथ मास्तर शाळेत संस्कृत शिकवायचे. मुलीचं नाव त्यांनी अंबा ठेवलं होतं. मुलगी लहानपणी विचारायची की बाबा, माझ्या नावाचा अर्थ काय. मास्तर सांगायचे, “फार जुनं आहे ते. घरं विटांची नव्हती तेव्हा पोरं आईला हाक मारायची ती या शब्दाने. म्हणजे हे नाव नव्हेच, ही हाक आहे. ती कोणीतरी मारायला पाहिजे.” मग थोडं थांबून म्हणायचे, “आणि या नावाची एक राजकन्याही होऊन गेली. तिला एकाने उचलून आणली, दुसऱ्याने घरात घेतली नाही. हिशेब चुकता करायला तिला एक जन्म पुरला नाही, तेव्हा तिने दुसरा घेतला. आई आणि सूड, दोन्ही त्याच अक्षरांत आहेत. कधी काय वापरायचं ते तुझं तू बघ.”

मास्तरांना वाटलं होतं आपण व्युत्पत्ती शिकवतोय.

बहात्तर साली लग्न झालं. ताम्हनात तांदूळ पसरले, मधुकररावांच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि त्यांनी तांदळात बायकोचं नवं नाव लिहिलं: मीना. नाव सासूने ठरवलं होतं. मास्तरांनी हळूच विचारलं, “अंबा काय वाईट आहे?”

वैजयंतीबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “वाईट कशाला? पण आमच्याकडे भांडी घासायला येते तिचं नाव अंबा आहे. एका घरात दोन अंबा कशा चालतील? आणि तिचं बदलायचं म्हटलं तर ती काम सोडून जाईल.”

मुलीला मात्र सोडून जाण्याची सोय नव्हती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पेढे वाटले गेले.

मास्तरांनी रुखवतात दिलेल्या भांड्यांवर ‘चि. अंबा’ असं कोरलेलं होतं. चाळीखाली भांड्यांवर नावं घालणारा एक माणूस बसत असे. सासूबाईंनी त्याला वर बोलावून एकेक भांड्यावरचं नाव ठोकून सपाट करून घेतलं आणि शेजारी ‘सौ. मीना’ घालून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या भांड्यांवर तर चमच्यापासून घंगाळापर्यंत ‘सौ. वैजयंती’ होतंच. तांब्याचा हंडा जाड निघाला. त्याच्यावर बोट फिरवलं तर आजही ‘अं’वरचं टिंब लागतं.

इथपर्यंत घराघरांत होतं तेच झालं. एवढ्यावरून कोणी दहा वर्षं दात धरत नाही. गोष्ट पत्रांची होती.

मास्तर दर महिन्याला मुलीला कार्ड टाकायचे. पत्त्यावर ‘सौ. अंबा मधुकर कारखानीस’. मीना असं लिहायला त्यांचा हात वळत नव्हता. टपाल दुपारी यायचं. दुपारी दाराशी सासूबाई बसायच्या. त्या कार्डावर वळणदार अक्षरात लिहायच्या, ‘या नावाचे येथे कोणी राहत नाही’, आणि पोस्टमनला परत द्यायच्या.

मुलीला वाटलं, नाव बदललं म्हणून बाबा रागावले, आता पत्र लिहीत नाहीत. बापाला वाटलं, मुलीनेच परत पाठवायला सांगितलं असेल. दिवाळीला भेट व्हायची तेव्हा दोघं पावसापाण्याचं बोलायची. दोघांनाही मान फार, आणि मान असलेली माणसं विचारत नाहीत.

अठ्ठ्याहत्तर साली मास्तर वारले. बातमी कळून ती लाँचने मोऱ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मास्तरांच्या पेटीत तिला कार्डांचा गठ्ठा सापडला, सुतळीने बांधलेला. सगळ्यात वरच्या कार्डावर चार ओळी होत्या: छातीत दुखतंय, डॉक्टर नीट काही बोलत नाहीत, जमलं तर एकदा येऊन जा. त्याच्याखाली वळणदार अक्षरात, या नावाचे येथे कोणी राहत नाही.

गठ्ठा तिने ट्रंकेत तळाशी ठेवला आणि सासरी येऊन स्वयंपाकाला लागली. सासूबाईंना वाटलं, सून शहाणी झाली.

चार वर्षांनी माझ्याकडून तिने तो अर्ज लिहून घेतला.

महिन्याभराने नळाला पाणी आलं आणि त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. आल्याआल्या त्यांनी रेशनकार्ड ताब्यात घेतलं. साखर, रॉकेल आणि पामतेल ज्याच्या हातात त्याचं घर, असं त्यांचं मत होतं. चष्मा चाळीतच राहिला होता, त्यामुळे आत काय लिहिलंय ते न वाचताच त्या पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात गेल्या. रांगेत मी त्यांच्या मागेच होतो.

दुकानदाराने कार्ड उघडलं. “नाव?”

“वैजयंती कारखानीस.”

दुकानदाराने कार्डाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. “वैजयंती एकतीस वर्षांची आहे.”

रांगेत कोणीतरी खोकलं.

“काहीतरी काय? मी वैजयंती.”

“मावशी, तुम्ही एकतीसच्या असाल तर माझी काही हरकत नाही. पण इथे आईचं नाव अंबा आहे, वय बासष्ट. साखर अंबाला देऊ का परत ठेवू?”

दिवाळी नऊ दिवसांवर होती. साखर परत ठेवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. बाईंनी पिशवी पुढे केली.

“अंबाबाई, अंगठा की सही?” दुकानदार म्हणाला.

आमच्या सेक्टरात तेव्हा कोणी कोणाला ओळखत नव्हतं. जी काही ओळख व्हायची ती रेशनच्या रांगेत. त्यामुळे संध्याकाळपर्यंत चार बिल्डिंगमध्ये त्या अंबाबाई झाल्या होत्या. भाजीवाली म्हणाली, अंबाबाय, मेथी घ्या. तळमजल्यावरच्या नंदकुमारने जिन्यात वाकून नमस्कार केला, “काय अंबाबाई, बरंय ना?” चाळीस वर्षांत कोणी केलं नव्हतं ते धाडस नवीन मुंबईने एका दुपारी केलं.

त्या दिवशी समोरच्या ब्लॉकचं दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं. दार बंद असतं तरी आलं असतं.

“मीना, हे काय आहे?”

“काय आई?”

“मोलकरणीचं नाव घातलंस मला?”

“मोलकरणीचं कशाला,” सून म्हणाली, “माझं आहे. तुम्हाला दिलं.”

आणि पोळपाटाचा आवाज सुरू झाला. मधुकर ऑफिसातून आला तेव्हा आईने त्याच्यापुढे कार्ड आपटलं. त्याने दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई, टेन्शन घेऊ नकोस. रॉकेल मिळालं ना?” मधुकर सरळ माणूस होता. आगीच्या वेळीही त्याने आधी रॉकेल मिळालं का हेच विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला रेशन ऑफिसात नेलं. अर्ज मी लिहिला होता, तेव्हा निस्तरायचाही मीच. बरोबर सून होती, आणि सासूबाईंच्या पिशवीत पितळेचा मोठा डबा.

खिडकीवर हिरामण नावाचा क्लार्क होता. सानपाड्याचा. आमचा सेक्टर ज्या खाजणावर उभा आहे ते एके काळी त्याच्या वडिलांचं. आता तो तिथे राहायला आलेल्यांना रोज विचारायचा, तुमी कोन, कुठचे, पुरावा काय.

सासूबाईंनी डबा खिडकीत ठेवला. “वाच. सौ. वैजयंती. एकोणचाळीस सालचा आहे.”

हिरामणने डबा फिरवून पाहिला. झाकण उघडून आतही पाहिलं. “डबा चांगला हाय आजी. पन कागद पायजे. शाळेचा दाखला?”

“आम्हाला कोण शाळेत घालतंय? घरीच शिकले.”

“मंग अवघड हाय. नाव बदलायचा आसंल तर ठाण्याला जावा. प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, सगला करावा लागंल.” मग तो सुनेकडे वळला. “तुमच्याकडं काय हाय?”

तिने पर्समधून मॅट्रिकचा दाखला काढला. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर अजून एक पिशवी. दहा वर्षं जपलेला.

हिरामणने वाचला. “अंबा दिनानाथ. हां.” त्याचा चेहरा उजळला. “मंग काय बदलायचाच नाय. दोन वली उलट्यापालट्या झाल्यान. सासूची सुनंला, सुनंची सासूला. ती दुरुस्ती हितंच व्हते.”

“पण हिचं नाव मीना आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“मीना कोन? कार्डावर मीना नाय, दाखल्यावर मीना नाय. आमच्याकडं मीना नावाचा मानूसच नाय.”

सुनेने खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर खाडीवर बगळे होते. ती बगळ्यांकडे इतकं लक्ष देऊन बघत होती की हे सगळं तिने जुळवून आणलंय ते मी समजलो.

“आजी, तुमी एक जबाब लिवून द्या,” हिरामणने कागद पुढे केला. “सोताच्या अक्षरात. माज्या सुनेचा नाव अंबा हाय, चुकून माज्या वलीत लागला. खाली सही. बस.”

सासूबाईंनी कागद पाहिला, पेन पाहिलं, सुनेकडे पाहिलं. डबा पिशवीत घातला. “मला नाही लिहायचं,” म्हणाल्या आणि चालू लागल्या.

असं ते वर्षभर राहिलं. पुढल्या नवरात्रात मात्र गाडी भलत्याच रुळावर गेली.

आमच्या सेक्टरात पहिल्यांदाच घट बसत होते. बायकांना वाटलं, आपल्यात एक वयस्कर अंबाबाई आहे, मग पहिला मान त्यांचा. रोज संध्याकाळी त्यांना पाटावर बसवायचं, पायांवर पाणी घालायचं. फुलं, नारळ, नमस्कार. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी त्या वेळेच्या आधी तयार होत्या. सातव्या माळेला पाया पडणाऱ्या मुलींच्या डोक्यावर हात ठेवून त्या आशीर्वाद द्यायला लागल्या.

दसऱ्याला मला सोनं द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “काही म्हणा भाऊसाहेब, अंबा नाव तसं गोड आहे. जुनं आहे. राहू दे आता.”

सून मागे उभी होती. हातातली आपट्याची पानं तिने चुरगाळून टाकली. बापाने दिलेलं नाव आधी मोलकरणीचं म्हणून काढून घेतलं, आणि आता देवीचं म्हणून ठेवून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. सरबत न आणता.

“काका, कार्डावर वैजयंती कोण आहे?”

“तू.”

“कायद्याने?”

“कायदा म्हणजे हिरामण. त्याच्या कागदावर तूच.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून ती वैजयंती झाली. महिला मंडळात तेच नाव दिलं. गॅसच्या नंबराला तेच. दूधवाल्याने “मीनाताई” म्हटलं तर ऐकूच येईना. सासूबाईंचा डबा, परात, घंगाळ तिने माळ्यावरून काढून वापरात घेतलं. सासूबाई आडव्या आल्या तेव्हा ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, “नाव वाचा ना, आई. सौ. वैजयंती. सौभाग्यवती घरात मी एकटीच आहे.”

हे वाक्य मला समोरच्या दारातून ऐकू आलं. मी पेपर खाली ठेवला. बाई निर्दय होती, यात शंका नाही. पण पाच वर्षं त्या गठ्ठ्यावर झोपून तिने ते धारदार केलेलं होतं.

सासूबाई तरी हलल्या नाहीत. मोडल्या त्या करंड्यावर.

चांदीचा लहान कुंकवाचा करंडा होता. सासूबाईंच्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला दिलेला, झाकणावर बारीक अक्षरात ‘वैजयंती’. तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नाव त्यांनी मागाहून चांदीवर घालून आणलं होतं. ते गेल्यापासून करंडा देवघरात बंद असे. कोजागरीला बायका जमल्या होत्या, आमच्याकडचीही मंडळी होती. सून तो करंडा घेऊन बाहेर आली आणि एकेकीला कुंकू लावायला लागली.

“अय्या, किती नाजूक,” एक म्हणाली. “नाव पण आहे वर. मिस्टरांनी दिला?”

“हो,” सून म्हणाली. “विचारा की त्यांना.” आणि दाराशी उभ्या असलेल्या मधुकरला म्हणाली, “अहो, सांगा ना. वैजयंती कोण?”

मधुकरने आईकडे पाहिलं. मग कार्डाप्रमाणे उत्तर दिलं. “ही,” म्हणाला. “वैजयंती म्हणजे ही.”

अंबाबाईंना सगळ्यांनी आधी दूध दिलं, मान त्यांचाच होता. त्यांनी पेला खाली ठेवला. आत गेल्या. सकाळी साडेदहाला पिशवी न घेता त्या माझ्या दारात उभ्या होत्या.

“चला,” म्हणाल्या. “त्या हिरामणकडे.”

सून बरोबर होतीच. ती तयार होऊन बसलेली होती. मला वाटतं वर्षभर.

हिरामणने कागद दिला. सासूबाईंनी लिहायला सुरुवात केली. अक्षर खरोखर वळणदार. ‘लिहून देते की, अंबा ही माझी सून असून...’ इथे त्यांनी पेन उचललं. “एवढं पुरे ना?”

“सही करा,” हिरामण म्हणाला.

“आई, पत्ता,” सून म्हणाली.

“पत्ता अर्जात आहे,” मी म्हणालो. मीही माणूस आहे, मला त्या म्हातारीला लवकर मोकळं करायचं होतं.

“नको काका. जबाबातच पाहिजे. या नावाचं कोणी इथे राहतं की नाही, ते कळायला नको?”

सासूबाईंनी मान वर केली. त्या दोघी एकमेकींकडे किती वेळ पाहत होत्या ते सांगता येणार नाही, हिरामणचा चहा मात्र संपला. तोपर्यंत त्यांना माहीत नव्हतं की तिला माहीत आहे.

“बराबर हाय,” हिरामण कप ठेवत म्हणाला. “राह्यनार कुठं, ते लिवा.”

सासूबाईंनी लिहिलं. अक्षर न अक्षर तेच, त्याच वळणाचं. ‘अंबा ही माझी सून असून या नावाची व्यक्ती येथेच राहते.’ खाली सही: वैजयंती.

सुनेने मला त्या कागदाची नक्कल करायला सांगितली. मी केली, पण ती तिने परत दिली. “हे नाही काका, त्यांच्या अक्षरात पाहिजे.” मग सासूबाईंनी दुसऱ्या कागदावर तेच पुन्हा लिहून दिलं. एक कागद ऑफिसात राहिला. दुसरा त्या सुतळीत गेला, सगळ्यात वरच्या कार्डावर. करंडा संध्याकाळी देवघरात परत ठेवलेला होता, पुसून.

सासूबाई हरल्या असं कोणाला वाटत असेल तर त्याने सासूबाईंना पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेला नावाने हाका मारायला सुरुवात केली. गिरगावात त्या मोलकरणीला ज्या सुरात मारायच्या त्याच सुरात, गॅलरीत उभं राहून, सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल अशा. “अंबा, पाणी आलं.” “अंबा, कपडे काढ.” “अगं ए अंबा, मेली कुठे?” दिवसातून दहा-दहा वेळा. सुनेला लाज वाटावी, मीना बरी होती असं वाटावं, हा हेतू.

सून खाली मैदानात इतर बायकांबरोबर बसलेली असायची. हाक यायची. ती जागची हलायची नाही.

“अहो, तुम्हाला बोलावतात,” शेजारीण म्हणायची.

“हो का?” अंबा म्हणायची. “मला नाही ऐकू आलं.”

आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत बसायची.